जुना मेगर गेला. नवं टेस्टिंगचं यंत्र घेताना काय बघायचं?

वायरमनच्या बॅगेत वर्षानुवर्षं दोन यंत्रं ठरलेली असतात: ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन (वीज बाहेर गळू न देणारं आवरण) तपासणारं यंत्र, आणि अर्थिंग मोजणारा अर्थ टेस्टर. जोडीला वायरभोवती घालून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर. त्यातला मेगर कधीतरी दगा देतो. काटा हलेनासा होतो किंवा डिस्प्लेवर भलतेच आकडे येऊ लागतात, आणि मग दुकानात जाऊन ‘हाच द्या, नवा’ असं सांगितलं जातं. तसं सांगण्याआधी थोडं थांबा, एवढ्यासाठी हा लेख. असं यंत्र एकदा घेतलं की दहा-पंधरा वर्षं तेच हातात राहतं. जुना मेगर घेतला तेव्हाचं घर आणि आजचं घर यांत बराच फरक पडला आहे. डीबीत (घरातल्या स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीत) विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारी आरसीसीबी आली, इन्व्हर्टर एसी आले, पार्किंगमध्ये गाडीचा चार्जर आला, गच्चीवर सोलर आलं. मेगर आणि अर्थ टेस्टर ही जोडी पुरवठा बंद असतानाच्या चाचण्या करते. घरातल्या माणसाचा जीव ज्यांवर अवलंबून असतो अशा दोन गोष्टी मात्र पुरवठा चालू असतानाच मोजता येतात, आणि त्या मोजणारं यंत्र आपल्याकडच्या कित्येक बॅगांत नसतं. जुनं यंत्र बदलायची वेळ आली की ही उणीव भरून काढायची चांगली संधी असते.

आधी बघा, खरंच गेलाय का?

बिघाड पुष्कळदा यंत्रात नसून लीडमध्ये, म्हणजे यंत्राच्या जोडवायरमध्ये असतो. लीडची वायर प्लगच्या मानेजवळ आतून तुटते, वरून इन्सुलेशन शाबूत दिसतं. क्रोकोडाइल क्लिपवर हिरवा गंज चढतो. आतला फ्यूज उडालेला असतो. सेल फुटून खालची पत्री खाल्लेली असते. या चार गोष्टी बघितल्याशिवाय यंत्राला दोष देऊ नका.

त्यानंतर एक सोपी परीक्षा. अर्ध्या वॉटचा, चांगल्या व्होल्टेज रेटिंगचा १ मेगाओहमचा रेझिस्टर घ्या आणि मेगर त्यावर लावा. रीडिंग १ च्या जवळ यायला हवं. मग त्याच रेझिस्टरच्या दोन टोकांवर १००० व्होल्टच्या रेंजचं डिजिटल मल्टिमीटर लावून मेगरचं बटण दाबा. ५०० व्होल्टच्या मेगरने इथे निदान ५०० व्होल्ट दाखवायला हवेत. जुन्या, हाताने फिरवायच्या मेगरमध्ये चुंबक कमजोर झाला की मोकळ्या टोकांवर ठीक व्होल्टेज येतं, पण थोडा भार आला की ते कोसळतं. असा मेगर चांगल्या वायरिंगवर ‘इन्फिनिटी’च दाखवतो, म्हणून कोणाला शंका येत नाही. दमट भिंतीतली वायर पकडायची वेळ येते तेव्हा तो उघडा पडतो. इन्सुलेशन टेस्टरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१५५७ चा दुसरा भाग. त्यात अट अशी आहे की ५०० व्होल्टच्या यंत्राने ०.५ मेगाओहमच्या भारावरही ५०० व्होल्ट टिकवून १ मिलिॲम्पियर द्यायला हवा. नव्या यंत्राच्या पुस्तिकेत हा क्रमांक शोधा. तो नसेल तर यंत्र किती व्होल्ट ‘म्हणतं’ याला फारसा अर्थ उरत नाही.

पुरवठा येण्याआधीचं काम

महावितरणकडे नव्या जोडणीसाठी अर्ज करताना लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. त्या वेळी जागेवर वीज नसते. म्हणजे या रिपोर्टमागच्या चाचण्या बंद वायरिंगवरच होणार: कंटिन्युइटी (तार शेवटपर्यंत सलग जोडलेली आहे का), इन्सुलेशन, अर्थिंग.

कंटिन्युइटीला आपण फार हलक्यात घेतो. मल्टिमीटरचा बझर वाजला की झालं, असं समजतो. पण बझर कित्येक मीटरमध्ये तीस-चाळीस ओहमपर्यंतही वाजतो. इथे प्रश्न अर्थची तार शेवटच्या सॉकेटपर्यंत *किती चांगली* पोहोचली आहे हा असतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम असतो. वीस मीटर वायर असेल तर उत्तर ०.१५ ओहमच्या आसपास यायला हवं. ०.६ आलं तर मध्ये कुठेतरी जोड ढिला आहे किंवा कोणी बारीक वायर ओढली आहे. हा फरक कळायचा तर यंत्राला ०.०१ ओहमपर्यंत वाचता यायला हवं, लीडचा स्वतःचा रेझिस्टन्स शून्य करायची सोय हवी, आणि चाचणीचा करंट निदान २०० मिलिॲम्पियर हवा. साध्या मल्टिमीटरचा करंट त्याच्या कितीतरी खाली असतो. नवा मेगर घेताना ‘२०० एमए कंटिन्युइटी’ असलेलाच घ्या. थोडे पैसे जास्त जातील, पण बॅगेतलं एक यंत्र दोन कामं करेल.

इन्सुलेशनसाठी २५०, ५०० आणि १००० असे तीनही व्होल्टेज हवेत. २३० आणि ४०० व्होल्टच्या वायरिंगला ५०० व्होल्ट डीसी लावायचे आणि किमान १ मेगाओहम मिळायला हवा. वायरिंगच्या भारतीय मानकाच्या, आयएस ७३२ च्या, जुन्या आवृत्तीत ‘५० भागिले पॉइंटची संख्या’ असा हिशेब होता, अनेकांना तोच पाठ आहे. २०१९ च्या आवृत्तीनंतर विचार आयईसीच्या वळणाने, सर्किटमागे करायचा. नव्या कोरड्या वायरिंगला १ मेगाओहम म्हणजे खरं तर काळजीचंच रीडिंग. तिथे शंभराच्या वर यायला हवं. २५० चा उपयोग कुठे? डीबीत व्होल्टेजचे झटके शोषणारा सर्ज प्रोटेक्टर बसवलेला असेल आणि तो काढता येत नसेल, किंवा एलईडी ड्रायव्हर आणि डिमर जोडलेले राहिले असतील, तिथे. अशा ठिकाणी ५०० मारले तर ग्राहकाचं सामान जाण्याची भीती असते. म्हणून फेज आणि न्यूट्रल एकत्र बांधून दोन्ही अर्थच्या विरुद्ध मोजणं ही उत्तम सवय. काही महागड्या यंत्रांत, उदाहरणार्थ फ्लूकच्या १६६४ एफसीमध्ये, आधी सर्किट तपासून ‘उपकरण जोडलेलं आहे’ म्हणून चाचणी थांबवायची सोय आहे. भरल्या घरात काम करणाऱ्यासाठी ही सोय पैसे वसूल करणारी आहे.

एक गोष्ट मात्र कुठल्याही किमतीच्या यंत्रात हवीच. लीड चुकून चालू सर्किटला लागली तर यंत्राने इशारा द्यायला हवा आणि चाचणी सुरूच होऊ देता कामा नये. आणि चाचणी संपल्यावर लांब केबलमध्ये साठलेला चार्ज त्याने आपण होऊन उतरवायला हवा.

अर्थ टेस्टरबद्दल थोडंच सांगतो, कारण तो बहुतेकांकडे असतो आणि चांगला टिकतो. जमिनीत दोन स्पाइक (धातूच्या खुंट्या) ठोकून घ्यायचं तीन तारांचं माप हेच खरं माप. लांबच्या स्पाइकच्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर मधली स्पाइक ठेवायची, मग ती थोडी मागे-पुढे सरकवून रीडिंग स्थिर आहे का बघायचं. अर्थ पिटच्या तारेला नुसता वेढा घालायचा क्लॅम्पवाला अर्थ टेस्टर बघून अनेकांना मोह होतो. तो चालतो तो अनेक अर्थ एकमेकांना जोडून बंद वळसा तयार झाला असेल तरच. एकट्या घराच्या एकट्या पिटवर करंटला परतीचा रस्ताच नसतो, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही. सोसायटी, टॉवर, कारखाना अशी कामं करणाऱ्यांनीच तो घ्यावा. आणि माप उन्हाळ्यात घ्या. दख्खनच्या बेसाल्टवर ऑगस्टमध्ये घेतलेलं सुंदर रीडिंग एप्रिलमध्ये कितीतरी वर गेलेलं असतं.

पुरवठा आल्यावरचं काम

आता मूळ मुद्दा. समजा गावातलं घर आहे. स्वतःचा अर्थ पिट आहे, चांगला, १० ओहमचा. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलचा अर्थ २ ओहमचा धरू. गिझरमध्ये फेज बॉडीला टेकली. करंट किती वाहील? २३० भागिले १२, म्हणजे साधारण १९ ॲम्पियर. गिझरला १६ ॲम्पियरची एमसीबी आहे, म्हणजे जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच, आणि ती सी-कर्व्ह प्रकारची आहे. तिला झटक्यात पडायला दहापट, म्हणजे १६० ॲम्पियरपर्यंत लागू शकतात. १९ ॲम्पियरवर तर ती तासाभरातही पडेल याची खात्री नाही. तासाभरात पडायच्या हमीसाठीही मानकाप्रमाणे १.४५ पट, म्हणजे २३ ॲम्पियरच्या वर करंट हवा. एवढा वेळ गिझरच्या बॉडीवर १९० व्होल्टच्या आसपास दाब बसलेला असतो. अर्थिंग ‘पास’ आहे, एमसीबी ‘ब्रँडेड’ आहे, मेगर उत्तम दाखवतोय, आणि तरीही ओल्या हाताने नळ धरणारं माणूस जाऊ शकतं.

या घरात माणसाला वाचवणारी वस्तू एकच: आरसीसीबी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांतही अशा गळती-संरक्षक साधनाची अट आहे. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांतला फरक बघते. ३० मिलिॲम्पियरची असेल तर १५ पर्यंत पडता कामा नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडायला हवी आणि पाचपट करंटला, म्हणजे १५० मिलिॲम्पियरला, ४० मिलिसेकंदांच्या आत. हे तीन आकडे मोजायला आरसीसीबी टेस्टर लागतो. तोंडावरचं ‘टी’ बटण दाबून बघणं आवश्यक आहे, पण पुरेसं नाही. बटण आतल्या आत एका रेझिस्टरमधून गळती तयार करतं. यंत्रणा अडकलेली नाही एवढंच त्यातून कळतं. किती वेळात पडली ते कळत नाही, आणि बाहेरची अर्थची तार मुळात जोडलेली आहे की नाही हे तर मुळीच कळत नाही.

दुसरी चाचणी लूप इम्पीडन्सची. फेज जिथून निघते तिथून सॉकेट, अर्थची तार, आणि परत ट्रान्सफॉर्मरपर्यंतचा सगळा वळसा यंत्र एका फटक्यात मोजतं. शहरात, जिथे ट्रान्सफॉर्मरपासून धातूची अर्थ तार बिल्डिंगपर्यंत आलेली असते, तिथे हे माप एमसीबी पडेल की नाही ते सांगतं. हिशेब सोपा आहे. १६ ॲम्पियरच्या सी-कर्व्हला १६० ॲम्पियर हवेत, म्हणून लूप २३० भागिले १६०, म्हणजे १.४४ ओहमच्या आत हवा. ३२ च्या सी-कर्व्हला ०.७२ च्या आत. वायर गरम झाली की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून थंड वायरिंगवर मोजताना यातही थोडं राखून ठेवायचं. गावातल्या त्या घरात रीडिंग बारा ओहम येईल आणि एका नजरेत कळेल की इथे एमसीबीच्या भरवशावर राहता येणार नाही. शिवाय सिमेंटच्या अंगणात स्पाइक ठोकायला जागा नसते तेव्हा हेच रीडिंग अर्थ पिटच्या मापाची जागा घेऊ शकतं. त्यात ट्रान्सफॉर्मरची बाजूही मोजली जाते, म्हणून आकडा थोडा जास्तच येतो; चूक झाली तरी ती सुरक्षित बाजूला होते.

लूप टेस्टर निवडताना ‘नो-ट्रिप’ची सोय बघा. जोरदार करंट सोडून माप घेणारी पद्धत अचूक, पण ती आरसीसीबी पाडते. नो-ट्रिप पद्धत अगदी लहान करंटवर अनेक वेळा मोजून सरासरी काढते. वेळ लागतो, आणि जवळपास मोठे इन्व्हर्टर ड्राइव्ह असतील तर रीडिंग नाचतं. आरसीसीबीच्या आतल्या कॉइलमुळे आकडा थोडा फुगतोही. म्हणून यंत्रात दोन्ही पद्धती हव्यात: आरसीसीबीच्या वरच्या बाजूला जोरदार, खालच्या सॉकेटवर नो-ट्रिप. दुकानात एकाच सॉकेटवर पाच वेळा नो-ट्रिप घेऊन बघा. पाचही आकडे जवळपास आले तर यंत्र चांगलं. आणि घर इन्व्हर्टर-बॅटरीवर चालू असताना हे माप घेऊ नका; इन्व्हर्टर स्वतःच करंट अडवतो, त्या आकड्याचा मेनच्या सुरक्षेशी संबंध नसतो.

या दोन्ही चाचण्या चालू विजेवर होतात, म्हणून अनुभवी हाताचंच काम. अर्थ तुटलेली असेल तर चाचणीचा करंटच घरभरच्या धातूच्या बॉडींवर दाब चढवू शकतो. चांगलं यंत्र हा स्पर्श-दाब आधी तपासतं आणि ५० व्होल्टच्या वर जाणार असेल तर पुढे जात नाही. ही मर्यादा पुस्तिकेत लिहिलेली नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

सारखी पडणारी आरसीसीबी

आरसीसीबी बसवली, सारखी पडते, घरचे वैतागले, आणि कोणीतरी ती बायपास करून दिली. हे किती घरांत घडतं हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ती बायपास होते कारण ती का पडते हे शोधायचं साधन हातात नसतं. कारणं साधारण तीनच असतात. दोन सर्किटांचा न्यूट्रल एकमेकांत गेलेला असतो, कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ टेकलेले असतात, किंवा घरभरच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांची थोडी थोडी गळती साठून आरसीसीबी काठावर आलेली असते.

यासाठी ‘रॅम्प’ चाचणी असलेला आरसीसीबी टेस्टर हवा. तो करंट हळूहळू वाढवत नेतो आणि नेमक्या किती मिलिॲम्पियरला पडली ते सांगतो. लोड काढून २२ ला पडली आणि लोड लावून १२ ला, तर आरसीसीबी ठणठणीत आहे. उरलेले दहा मिलिॲम्पियर घर आधीच गळतंय. मग मिलिॲम्पियर वाचणारा लीकेज क्लॅम्प फेज-न्यूट्रल दोन्हींभोवती एकत्र घालून एकेक सर्किट बघायचं. नेहमीचा ४०० ॲम्पियरचा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही, ०.१ मिलिॲम्पियर किंवा त्याहून बारीक दाखवणारा हवा. पैसे बेतानेच असतील आणि मेगर ठीक चालत असेल, तर मी सगळ्यात आधी आरसीसीबी टेस्टर घ्यायला सांगेन, आणि त्याच्या पाठोपाठ हा क्लॅम्प.

आरसीसीबी आता दोन जातींच्या सर्रास मिळतात. एसी टाइप फक्त साध्या गळतीला ओळखते. ए टाइप इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन यांच्यातून येणारी तुटक डीसी गळतीही ओळखते. टेस्टर निदान या दोन्ही तपासणारा हवा. गाडीच्या चार्जरची कामं करणार असाल तर पुढे जाऊन बी टाइप (सलग डीसी गळतीही ओळखणारी) आणि ६ मिलिॲम्पियर डीसीची चाचणीही लागेल. ती नसलेलं यंत्र आज घेतलं तर दोन-तीन वर्षांत पुन्हा दुकानात जावं लागेल.

सगळं एकात, की वेगवेगळं?

कंटिन्युइटी, इन्सुलेशन, लूप, आरसीसीबी, फेज सिक्वेन्स (तीन फेजचा क्रम) आणि काहींत अर्थही, असं सगळं एकाच खोक्यात देणारी यंत्रं मिळतात. फ्लूकची १६६० मालिका, जपानच्या क्योरित्सूचं ६५१६, स्लोव्हेनियाच्या मेट्रेलची यंत्रं, आणि ब्रिटनच्या मेगर कंपनीची एमएफटी मालिका. याच कंपनीच्या नावावरून आपण कुठल्याही इन्सुलेशन टेस्टरला मेगर म्हणतो. किंमत लाखाच्या आसपास किंवा पुढे जाते. ही यंत्रं मुळात युरोपातल्या पद्धतीसाठी घडली, जिथे घराच्या वायरिंगच्या प्रमाणपत्रात प्रत्येक सर्किटपुढे लूप आणि ट्रिप-वेळेचे रकाने भरावे लागतात.

सोसायट्या, शाळा, दवाखाने, ऑफिस अशी कामं नियमित असतील तर ऑल-इन-वन घ्या. वेळ वाचतो हे खरं कारण. ‘ऑटो’ लावून शेवटच्या सॉकेटला यंत्र जोडायचं, डीबीशी उभं राहून आरसीसीबी प्रत्येक वेळी वर करायची, आकडे आत साठत जातात. पण ते एक खोकं दुरुस्तीला गेलं की सगळंच काम अडतं, हे लक्षात ठेवून जुना मेगर विकू नका.

एकट्याने किंवा एका मदतनिसाबरोबर घरांची कामं करणाऱ्याने वेगवेगळी यंत्रं टप्प्याटप्प्याने घ्यावीत असं माझं स्पष्ट मत आहे. २०० एमए कंटिन्युइटीवाला डिजिटल इन्सुलेशन टेस्टर काही हजारांत येतो. इन्सुलेशन टेस्टर आणि मीटरच्या बाबतीत आपल्या नाशिकच्या ऋषभ आणि मोटवाने या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवा. जवळ असण्याचा फायदा सर्व्हिसच्या वेळी कळतो. लूप आणि आरसीसीबी दोन्ही करणारं एक मधलं यंत्र घेतलं की संच पूर्ण होतो. ब्लूटूथ आणि ॲपसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. जाड पुठ्ठ्याच्या वहीत तारीख, सर्किट आणि आकडे लिहिणाऱ्या वायरमनचा रेकॉर्ड ॲपपेक्षा जास्त वर्षं टिकतो.

सोलरची गोष्ट वेगळी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून अनेक वायरमन त्या कामाकडे वळले. गच्चीवरच्या स्ट्रिंगचा (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या रांगेचा) डीसी दाब कित्येक शे व्होल्ट असतो आणि ऊन असेपर्यंत तो बंद करता येत नाही. घरच्या वायरिंगसाठीचं टेस्टर, कितीही महाग असलं तरी, त्यासाठी बनलेलं नसतं. तिथे १००० किंवा १५०० व्होल्ट डीसीचं रेटिंग असलेलं वेगळं मीटर आणि लीडच हव्यात.

पैसे देण्याआधी

यंत्रावर आणि लीडवरही ‘कॅट’ रेटिंग छापलेलं असतं. डीबीवर काम म्हणजे कॅट ३, मीटर आणि सर्व्हिस केबलजवळ कॅट ४. निदान ‘कॅट ३ – ६०० व्होल्ट, कॅट ४ – ३०० व्होल्ट’ हवं. हे आकडे अचानक येणाऱ्या हजारो व्होल्टच्या झटक्याला यंत्र फुटणार नाही याची हमी असतात. अगदी स्वस्त मीटरवर ते नुसते छापलेलेही आढळतात, आत काचेचा साधा फ्यूज असतो. लीड कमी रेटिंगची असेल तर पूर्ण संचाचं रेटिंग तेवढंच खाली येतं. प्रोबच्या टोकावर चार मिलिमीटरपेक्षा जास्त धातू उघडा नको. डीबीत दोन बसबारमध्ये तो टेकला तर तोंडावर आर्क येतो.

प्लग बघा. युरोपच्या यंत्राबरोबर त्यांचा दोन पिनांचा किंवा ब्रिटनचा चौकोनी पिनांचा प्लग येतो. आपल्या ६ आणि १६ ॲम्पियरच्या गोल पिनांच्या सॉकेटसाठी कंपनीचीच लीड मागा. बाजारातल्या ‘युनिव्हर्सल’ ॲडॉप्टरमधून लूप मोजला तर तुम्ही वायरिंगबरोबर ॲडॉप्टरचा ढिला जोडही मोजत असता. सेटिंगमध्ये देश किंवा मानक निवडायचं असेल तर आयईसीचं निवडा.

यंत्र किती व्होल्टपर्यंत मोजतं तेही विचारा. काही यंत्रं १९५ ते २६० व्होल्टच्या बाहेर माप घ्यायला नकार देतात. शेतीच्या फीडरच्या टोकाला संध्याकाळी त्याखाली व्होल्टेज जातं, आणि मग बोअरच्या पंपाजवळ हे यंत्र हातात धरून नुसतं उभं राहावं लागतं. १०० पासून चालणारी यंत्रं आहेत. गावाकडे काम असेल तर तीच बघा. कोकणात आणि पावसाळ्यात काम असेल तर आयपी ५४ (धूळ-पाण्यापासून बचावाचं रेटिंग) च्या खाली जाऊ नका. साधे पेन्सिल सेल चालणारं यंत्र मला जास्त पसंत आहे, कारण ते कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी मिळतात.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे यंत्र अचूक मोजतं का याच्या तपासणीचा, कागद मागा, आणि नीट वाचा. नुसता गोल स्टिकर नको. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता असलेल्या लॅबचा, प्रत्येक रेंजपुढे प्रत्यक्ष आलेले आकडे लिहिलेला दाखला हवा. दरवर्षी तो करून घ्यायला किती खर्च येईल, यंत्र कुठे पाठवावं लागेल आणि किती दिवस अडकेल, हे खरेदीच्या दिवशीच विचारा. परदेशातून कोणी आणलेलं सेकंडहँड यंत्र निम्म्या किमतीत मिळालं तरी ते दुरुस्त करणारं इथे कोणी नसेल तर ते महागच पडतं.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी दुकानातलं किंवा घरातलं एक सॉकेट ठरवून घ्या आणि त्याचा लूप, त्यावरच्या आरसीसीबीची ट्रिप-वेळ, आणि तो १ मेगाओहमचा रेझिस्टर, असे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. महिन्यातून एकदा तेच तीन आकडे पुन्हा घ्या. रेझिस्टरचा आकडा सरकला तर दोष यंत्रात किंवा लीडमध्ये आहे. तो जागेवर राहून लूपचा सरकला, तर सगळ्यात आधी मेनचे स्क्रू आणि अर्थ पिटचा जोड उघडून बघा.